छावणीचा हिशेब : 'आझादी की छाँव में' वाचताना

"फाळणी हा आपला विषय नाही," असे आपल्या साहित्यिक बैठकींतून अनेकदा ऐकायला मिळते. त्यामागचा युक्तिवाद सरळ असतो. कोकणातला, देशावरचा, खानदेश-विदर्भातला सामान्य मुसलमान १९४७ साली कुठे गेला नाही, आणि त्याच्या दारात लाहोर-रावळपिंडीचे कुणी आलेही नाही. फाळणीचे साहित्य म्हणजे पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेश आणि बंगाल यांचे साहित्य. ते उर्दू, हिंदी, पंजाबी, बंगालीत लिहिले गेले. आपण ते भाषांतरातून वाचावे, दोन घटका हळहळावे आणि पुन्हा तलाक, बेकारी, दंगल, शिक्षण या आपल्या विषयांकडे वळावे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा 'आपले विषय कोणते' हा प्रश्न ऐरणीवर आला होता. त्या यादीत 'निर्वासित' हा शब्द कुणाला फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

आम्हीही बरीच वर्षे असेच मानत होतो. बेगम अनीस किदवाई यांचे 'आझादी की छाँव में' हे पुस्तक वाचल्यानंतर मात्र ते मत टिकले नाही. का टिकले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

पुस्तकाची पार्श्वभूमी आधी थोडक्यात सांगायला हवी. अनीस किदवाई (१९०६-१९८२) या बाराबंकीच्या. त्यांचे वडील विलायत अली हे 'बंबूक' या टोपणनावाने मौलाना मोहम्मद अलींच्या 'कॉम्रेड'मध्ये विनोदी लेखन करीत. पती शफी अहमद किदवाई हे रफी अहमद किदवाईंचे धाकटे भाऊ. १९४७ साली ते मसुरी नगरपालिकेचे प्रशासक होते. मसुरीत वातावरण पेटले तेव्हा जागा सोडून निघून या, असे घरच्यांचे सांगणे होते. ते निघाले नाहीत. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांचा खून झाला. सख्खा भाऊ दिल्लीत केंद्रीय मंत्री असतानाही त्यांचा जीव वाचला नाही, ही गोष्ट त्या दिवसांविषयी पुष्कळ काही सांगते.

विधवा झालेली ही बाई दिल्लीला गांधीजींकडे गेली. त्यांनी तिला छावण्यांत जाऊन काम करायला सांगितले. इद्दतीचे दिवस घरात बसून काढण्याची रीत असलेल्या घराण्यातली ही स्त्री पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर इथल्या छावण्यांत जाऊ लागली. पुढे सुभद्रा जोशी यांच्यासोबत शांतिदलात आणि मृदुला साराभाई यांच्यासोबत पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधकार्यात त्यांनी काम केले. या सगळ्याची ही आठवणवही आहे. उर्दूत ती १९७४ साली पुस्तकरूपाने आली. त्यांची नात आयेशा किदवाई यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०११ साली निघाले, आणि त्यानंतर उत्तर हिंदुस्थानाबाहेरच्या वाचकांचे तिच्याकडे लक्ष गेले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. फाळणीच्या साहित्यात निर्वासित भेटतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, ज्या घरातून तो उठतो तिथे. आणि दुसरे, प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत. घर सोडण्याचा क्षण आणि वाटेतली कत्तल हे दोन्ही कथेला सोयीचे प्रसंग आहेत. त्यांत नाट्य आहे. पण निर्वासिताचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते. तो एखाद्या शहरात येऊन पोहोचतो. तिथे त्याला पाणी कुठे मिळते, शिधा कोण देते, आजारी मूल कुणाला दाखवायचे, मेलेल्याला पुरायचे कुठे, नाव कुठल्या वहीत लिहायचे, या गोष्टी कथेत सहसा येत नाहीत. त्यांत नाट्य नसते, नुसते काम असते. अनीस किदवाईंचे पुस्तक या कामाचे पुस्तक आहे. निर्वासिताला शहर कसे सांभाळते किंवा सांभाळत नाही, याचा इतका बारकाईचा हिशेब आम्ही दुसऱ्या कुठल्या आठवणींत वाचलेला नाही.

आणि इथे निर्वासित कोण आहेत? हे लोक लाहोरहून आलेले नाहीत. ते दिल्लीचेच आहेत. सप्टेंबर १९४७ मध्ये करोलबाग, सब्जीमंडी, पहाडगंज या वस्त्यांवर हल्ले झाले आणि तिथले मुसलमान दोन-चार मैलांवरच्या किल्ल्यात आणि मकबऱ्यात येऊन पडले. काल ज्याचे दुकान चांदणी चौकाजवळ होते तो आज त्याच शहरात निर्वासित. सरहद्द ओलांडली नाही, नदी ओलांडली नाही. फार तर दोन-तीन रस्ते ओलांडले. या दोन छावण्यांत मिळून लाखाच्या वर माणसे होती. हुमायूनच्या कबरीला तर ही गोष्ट नवी नव्हती. १८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याच मकबऱ्यात आसऱ्याला आला होता आणि इथूनच पकडला गेला होता. नव्वद वर्षांनी त्याची रयत त्याच दगडांच्या आड आली.

त्याच वेळी त्याच दिल्लीत पश्चिम पंजाब, सरहद्द प्रांत आणि सिंधमधून सर्वस्व गमावलेले सुमारे ५ लाख हिंदू आणि शीख येत होते. त्यांच्यासाठी किंग्जवे कॅम्प होता, इतर छावण्या होत्या, आणि सप्टेंबर १९४७ मध्येच केंद्र सरकारने मदत आणि पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते उघडले होते. म्हणजे एकाच शहरात, एकाच महिन्यात, निर्वासितांचे दोन लोंढे होते. एक आत येणारा आणि दुसरा बाहेर ढकलला जाणारा. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीच्या लोकसंख्येत मुसलमान साधारण एक तृतीयांश होते. १९५१ मध्ये ते शंभरात सहासुद्धा उरले नाहीत. या एका आकड्यात त्या वर्षाची सगळी गोष्ट आहे.

अनीस किदवाईंच्या लेखनाचे पहिले मोल असे की त्या या दोन लोंढ्यांना एकमेकांविरुद्ध उभे करीत नाहीत. ज्याचे कुटुंब शेखूपुऱ्यात कापले गेले तो दिल्लीत कुणाच्या तरी रिकाम्या घराचे कुलूप फोडतो, तेव्हा तो गुन्हेगार असतो आणि दुर्दैवीही असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात धरून ठेवणे कठीण असते. ज्या स्त्रीचा नवरा नुकताच मारला गेला आहे, तिने ते करावे हे अधिकच कठीण. त्यांच्या लेखणीला ते साधले आहे. त्यासाठी त्या मोठमोठे शब्द वापरत नाहीत. वडिलांकडून आलेला थोडासा तिरकस विनोद आणि घरगुती उर्दू एवढ्या भांडवलावर त्या लिहितात.

दुसरे मोल जास्त महत्त्वाचे आहे. छावणी म्हणजे केवळ दुःखी माणसांचा समूह नव्हे, ती एक व्यवस्था असते, हे त्यांनी ओळखले. सुरुवातीच्या दिवसांत या मुसलमानी छावण्या नेमक्या कुणाच्या, हेच ठरत नव्हते. आतले लोक पाकिस्तानला जाणार, तेव्हा त्यांचे पाकिस्तानने पाहावे, असा एक सूर होता. पण आतल्या साऱ्यांनी जायचे ठरवले होते काय? ते जीव वाचवायला आले होते. किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरलेला माणूस कागदावर मात्र 'जाणारा' म्हणून धरला गेला. त्याला कुणी विचारले नाही. बाहेर त्याचे घर दुसऱ्याने व्यापले, त्यामुळे परतायला जागा उरली नाही. आणि मग तो खरोखरच गाडीत बसला. पाकिस्तानला जाणे ही त्याची निवड होती असे इतिहासाच्या पुस्तकात लिहिले जाते. या आठवणी वाचल्यावर त्या 'निवडी'वरचा आपला विश्वास उडतो.

कायद्यानेही पुढे हेच केले. १९४८ च्या जुलैमध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवानापद्धत आली. गेलेल्याला आपल्याच गावी यायला परवाना लागू लागला. मागे राहिलेल्या मालमत्तेचा कस्टोडियन नेमला गेला. १९५० च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली. भाऊ गेला तर भावाचे घर धोक्यात, हा अनुभव हजारो कुटुंबांनी घेतला. एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा' चित्रपटातला आग्र्याचा सलीम मिर्झा आपल्या लोकांना इतका जवळचा का वाटतो, याचे उत्तर इथे आहे. तो कुठेही गेलेला नाही, तरी त्याच्या पायाखालची जमीन एकेक फूट सरकते आहे. तो कायदा रद्द व्हायला २००५ साल उजाडावे लागले.

इथे मंटोची आठवण होणे अपरिहार्य आहे. जानेवारी १९४८ मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेलेल्या मंटोने त्याच वर्षी 'खोल दो' लिहिली. त्या कथेतही छावणी आहे. हरवलेली मुलगी शोधणारा बाप आहे आणि मदतीला आलेले तरुण स्वयंसेवक आहेत. ते स्वयंसेवक काय करतात हे वाचकांना माहीत आहे. पुन्हा सांगायची गरज नाही. मंटोने मदत या शब्दाचाच बुरखा फाडला. कथा छापणारे 'नुकूश' मासिक काही महिने बंद ठेवले गेले, यावरून तो घाव किती वर्मी बसला हे कळते.

आमच्या मते 'खोल दो' आणि 'आझादी की छाँव में' एकापाठोपाठ एक वाचली पाहिजेत. मंटो स्वयंसेवकाकडे बाहेरून पाहतो, आणि त्याला दिसते ते भीषण असते. अनीस किदवाई स्वतः स्वयंसेविका आहेत. त्या आतून लिहितात, आणि त्यांना दिसते ते भीषण नसले तरी अपुरे असते. दहा कांबळी आणि शंभर माणसे असतील तर कांबळे कुणाला द्यायचे? म्हाताऱ्याला की बाळंतिणीला? जो ओरडतो त्याला की जो गप्प बसतो त्याला? मदत करणारा माणूस रोज असे शंभर निवाडे करतो, आणि त्यातले कित्येक चुकतात. मंटोच्या कथेने आपण हादरतो. या पुस्तकाने आपण अस्वस्थ होतो, कारण इथला चुकणारा माणूस आपल्यासारखाच सज्जन आहे. ललित साहित्यापेक्षा आठवणींना कमी लेखण्याची आपल्या समीक्षेची सवय या ठिकाणी तपासून पाहिली पाहिजे.

स्त्रियांच्या शोधकार्याविषयीची प्रकरणे हा पुस्तकाचा कळस आहे. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही देशांत करार झाला आणि १९४९ साली कायदा झाला. पळवून नेलेल्या स्त्रिया शोधून त्यांना आपापल्या 'देशात' परत पाठवायचे होते. हेतू चांगला होता आणि अनीस किदवाई त्या कामात मनापासून उतरल्या होत्या. पण हळूहळू त्यांना दिसू लागले की काही स्त्रियांना परत जायचे नाही. कुणाला मूल झाले आहे, कुणाला माहेरचे दार उघडेल याची खात्री नाही, आणि एखादीला आधीच्या आयुष्यात अन्न आणि मार याखेरीज काही मिळालेच नव्हते. तिला 'सोडवणे' म्हणजे नेमके काय? ज्या कायद्यात तिला स्वतःला काय हवे हे विचारायची सोयच नव्हती, त्या कायद्याची अंमलबजावणी करणारी एक स्त्री हा प्रश्न लिहून ठेवते. १९९० नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी या विषयावर मोलाचे काम केले, आणि त्यांनी याच पानांचा आधार घेतला. सरकार, समाज आणि मजहब तिघेही त्या स्त्रीला इज्जतीचे गाठोडे समजत असताना बेगमसाहेबांनी तिला माणूस समजून तिचे ऐकले.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. अवधच्या शरीफ घराण्याची नजर लेखिकेला पूर्णपणे सोडता आलेली नाही. छावणीतल्या गोरगरिबांच्या अस्वच्छतेवर, भांडणांवर, हावरेपणावर त्या वैतागतात. ज्याने तीन दिवस खाल्लेले नाही त्याच्या हावरेपणाला हावरेपणा म्हणायचे का, हा प्रश्न अशा वेळी त्यांना पडत नाही. कारागीर, कसाई, भिश्ती यांची नावे सहसा राहत नाहीत. नावे राहतात ती पुढाऱ्यांची. गांधीजींवरची श्रद्धा इतकी गाढ आहे की काही ठिकाणी चिकित्सा थांबते. तरीही १३ ते १८ जानेवारी १९४८ च्या त्या शेवटच्या उपोषणाने दिल्लीत काय बदलले हे समजून घ्यायला या पुस्तकाइतका जवळचा साक्षीदार मिळत नाही. मेहरौलीच्या ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर उरूस पुन्हा निर्भयपणे भरावा, ही त्या उपोषणाच्या अटींपैकी एक होती. २७ जानेवारीला गांधीजी स्वतः तिथे गेले. तीन दिवसांनी त्यांचा खून झाला. एका शहराने आपल्या माणसांना परत घ्यावे म्हणून एका म्हाताऱ्याने जीव पणाला लावला, ही गोष्ट भक्तीने सांगितली म्हणून खोटी ठरत नाही.

आता शब्दांविषयी थोडे. मराठीत आपण 'निर्वासित' म्हणतो. म्हणजे ज्याचा वास, ज्याचे राहणे काढून घेतले तो. त्या शब्दात माणसावर झालेला अन्याय आहे, पण माणूस स्वतः काही करताना दिसत नाही. 'शरणार्थी'त तो निदान काही मागतो आहे. दिल्लीत आलेल्या पंजाब्यांना तेही मान्य नव्हते. आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी, असे ते म्हणत. उर्दूत 'पनाहगुजीं' आहे आणि 'मुहाजिर' आहे. मुहाजिर या शब्दात माणूस स्वतः पाऊल उचलतो. आपली हिजरी कालगणनाच मुळी या पावलापासून सुरू होते. इस्लामी सन मोजायला पैगंबरांचा जन्म धरला नाही, कुठला विजय धरला नाही. एका शहरातून जिवावर उठलेल्यांना चुकवून दुसऱ्या शहरात आसरा घेतला, तो प्रसंग धरला.

मदिनेने त्या मुहाजिरांना कसे सांभाळले, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. तिथल्या अन्सारांनी एकेका मुहाजिराला भाऊ मानून घरात घेतले. साद बिन रबी यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुवा दिली आणि एवढेच विचारले की बाजार कुठे आहे ते दाखवा. निर्वासिताच्या प्रश्नावर याहून नेमके काही आम्हाला सुचत नाही. यजमान देतो ते दान असते. पाहुण्याला हवा असतो बाजारात उभे राहण्याचा हक्क. ज्या शहराने तंबू दिला पण बाजार दाखवला नाही, त्याने निर्वासिताला निर्वासितच ठेवले.

या मापाने दिल्ली मोजली तर काय दिसते? पंजाब्यांना दिल्लीने बाजार दाखवला. कर्जे मिळाली, दुकाने मिळाली, लजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांचे कष्ट तर होतेच. पण कष्टाला जागा होती. त्यामुळे एका पिढीत ते शहराचे झाले, किंबहुना शहरच त्यांचे झाले. पुराना किल्ल्यातल्या माणसाला त्याच शहराने रेल्वेचा डबा दाखवला. एकच शहर उदार होते आणि निष्ठुरही होते. शहराच्या स्वभावात खोट होती असे म्हणून भागत नाही. 'आपला' निर्वासित कोण आणि 'त्यांचा' कोण, हे आधी ठरले होते.

इथवर आल्यावर 'फाळणी हा आपला विषय नाही' या वाक्याकडे परत जावे लागते. महाराष्ट्राने निर्वासित पाहिलेच नाहीत काय? कल्याणच्या लष्करी बराकींत सिंधी आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबरने सांगतात. पोपटी हिरानंदानी, मोहन कल्पना यांच्यासारखे सिंधी लेखक याच मुंबई-उल्हासनगरात बसून लिहीत होते; मराठी साहित्याने आपल्या या शेजाऱ्यांकडे किती लक्ष दिले?

आणि मराठवाडा? रझाकारांच्या जुलमाला भिऊन हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीच्या बाजूला आली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतले मुसलमान हैदराबादेकडे पळाले. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वेळी मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांच्या दरम्यान बांधला, आणि तो अहवाल कित्येक दशके उजेडात आला नाही. पहिल्या पळापळीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहिले जायलाच हवे होते. दुसरीवर आपण काय लिहिले? आपल्या आज्या-पणज्यांनी 'गडबडीचे साल' एवढेच म्हणून विषय बदलला, आणि आपणही तो बदलू दिला.

याहून जवळचे उदाहरण आमच्यापैकी अनेकांच्या घरातले आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मेली असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. जे मेले नाहीत ते मदरशांत, शाळांत, नातेवाइकांकडे जाऊन राहिले. मग त्यांतल्या कित्येकांनी मुंबऱ्याची वाट धरली. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ चाळीस वर्षे एका मिश्र चाळीत राहिले होते. शेजाऱ्यांनीच त्यांना त्या रात्री लपवले, हेही ते आवर्जून सांगत. पण महिन्याभराने खोली विकून ते गेले. "इथे कुणी जा म्हटलं नाही," ते म्हणायचे, "राहा असंही कुणी म्हटलं नाही." त्यांच्या शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलला, मुलांच्या शाळा बदलल्या, नोकरीला जायचा प्रवास तासाने वाढला. त्यांना कुणी निर्वासित म्हटले नाही. कुठल्या वहीत त्यांचे नाव लिहिले गेले नाही. पुराना किल्ल्यातल्या माणसात आणि यांच्यात काय फरक होता? दंगलीवर आपल्याकडे कविता झाल्या, कथा झाल्या. जाळपोळीची रात्र आपल्या साहित्यात आली. त्यानंतरची तीस वर्षे, म्हणजे नवी जागा, पागडी, पाण्याचे टँकर, भारनियमन, 'कुठे राहता' या प्रश्नाला उत्तर देताना अडखळणारा तरुण, हे सारे फारच थोडे आले. फाळणीच्या साहित्याने जी चूक केली तीच आपण केली. आगीवर लिहिले आणि छावणी विसरलो.

दिल्ली आजही निर्वासितांचे शहर आहे. पंजाबी निर्वासितांनी वसवलेल्या लजपतनगरात अफगाणांचे तंदूर लागले आहेत. मजनू का टिल्ल्यात तिबेटी आहेत. यमुनेच्या काठावर रोहिंग्यांच्या झोपड्या आहेत. एप्रिल २०१८ मध्ये कालिंदी कुंजजवळची त्यांची वस्ती जळाली, जून २०२१ मध्ये मदनपूर खादरची जळाली. जळालेल्यांत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाने दिलेली ओळखपत्रेही होती. एवढाच काय तो त्यांचा आसरा. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. जगण्याचा हक्क परकीयालाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमांच्या खटल्यात सांगितले. २०२१ साली त्याच न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवण्यास स्थगिती द्यायला नकार दिला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना दार उघडले. मुसलमान त्या यादीत नाहीत. 'आपला' निर्वासित आणि 'त्यांचा' निर्वासित हा १९४७ चा हिशेब अजून मिटलेला नाही, हे सांगायला आणखी पुरावा नको.

एक गोष्ट मात्र स्वतःलाही बजावली पाहिजे. आपण रोहिंग्यांसाठी हळहळतो ते केवळ ते मुसलमान आहेत म्हणून असेल, तर आपणही तीच यादी उलटी करून लिहितो आहोत. किंग्जवे कॅम्पातल्या शीख म्हातारीसाठी, कल्याणच्या बराकीतल्या सिंधी मुलासाठी, सोलापूरच्या वाटेवरच्या हिंदू कुटुंबासाठी आपल्या साहित्यात जागा असेल, तरच मुंबऱ्याला गेलेल्या त्या गृहस्थाविषयी बोलण्याचा आपला अधिकार शाबूत राहील. अनीस किदवाईंनी हे पतीचे दफन झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत ओळखले होते.

'आझादी की छाँव में' मराठी वाचकांपर्यंत जायला हवे. हे काम आपल्यातल्या उर्दू जाणणाऱ्यांनी मनावर घ्यावे. पण भाषांतर ही सुरुवात झाली. आमची खरी विनंती आपल्या तरुण लेखकांना आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. 'गडबडीच्या साली' कुठे गेलात, कुणी दार उघडले, पहिल्या रात्री काय खाल्ले, कांबळे कुणी दिले, परत आल्यावर घरात कोण राहत होते, असे साधे प्रश्न विचारा. मिळेल ते जसेच्या तसे लिहून ठेवा. ते सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.